अगं, तिला सांगा की कुणीतरी!

रात्री साडेसात ते नऊच्या दरम्यान लातूरच्या औसा रोडच्या आतल्या गल्ल्यांतून किंवा नांदेडच्या वजिराबादेतून पायी फिरा. उघड्या खिडक्यांतून दोन-दोन आवाज येतात. एक टीव्हीचा आणि दुसरा टीव्हीशी बोलणाऱ्या माणसाचा. मालिकेतली सून दार उघडायला निघाली की पलंगावरची आजी ओरडते, 'उघडू नको गं माय!' खलनायकाने गोड हसून चहा मागितला की काकू जाहीर करतात, 'ह्याचं लक्षण मला पहिल्या दिवसापासून ठीक दिसत नव्हतं.' दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं की घागरींच्या रांगेत कालचा भाग पुन्हा होतो. ज्यांचा चुकला त्यांना तो निम्म्या वेळात, दुप्पट रंगवून ऐकायला मिळतो.

आमच्याकडचा प्रेक्षक मुकाट बघणारा नाहीच. कीर्तनात टाळ्या देत, जागरणात रात्र-रात्र बसून वाघ्याला शाबासकी देत तो वाढला. मनात आलं ते समोरच्याला ऐकवायचं, मग समोर माणूस असो की पडदा. हे ऐकवलेलं पडद्याच्या पलीकडे जावं म्हणून गेल्या चाळीस वर्षांत पोस्टकार्ड आलं, एसएमएस आला, रिमोटचं बटण आलं. मतपेटीसुद्धा कामाला आली! त्या सगळ्या खटाटोपातल्या या चटकदार गोष्टी. काही जगाच्या, बऱ्याचशा आपल्या.

भावकीत टीव्ही आला, आपण राहिलो

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६. या वर्षभरात इस्रोने अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वापरून देशातल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही दाखवला. 'साइट' या नावाने तो प्रयोग ओळखला जातो. चावडीवर किंवा शाळेत एक संच, छपरावर कोंबड्यांच्या जाळीची मोठी छत्री आणि समोर अख्खं गाव. सहा राज्यं निवडली होती; त्यात महाराष्ट्र नव्हता. पण जिल्ह्यांची यादी वाचताना मराठवाड्याचा माणूस थबकतो. गुलबर्गा, रायचूर, मेदक, महबूबनगर! हे सगळे निजामाच्या राज्यात नांदेड-उस्मानाबादसोबत नांदलेले जिल्हे. १९५६ला भाषेप्रमाणे वाटण्या झाल्या, आणि वीस वर्षांनी त्या भावकीच्या गावांत टीव्ही पोहोचला. आपल्या वाट्याला रेडिओच राहिला.

या प्रयोगातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. बघणारे काय म्हणतात हे टिपायला मानववंशशास्त्रज्ञ काही गावांत मुक्कामालाच राहिले होते. कोण पुढे बसतं, बाया कधी उठून जातात, कोणत्या कार्यक्रमाला गर्दी पांगते, हे सगळं लिहून ठेवलं गेलं. खेड्यातल्या प्रेक्षकाचं म्हणणं इतक्या जवळून ऐकण्याचा असा उद्योग नंतर क्वचितच कुणी केला.

जिल्हा आणि रंग, एकाच महिन्यात

लातूर जिल्हा उस्मानाबादेतून वेगळा निघाला तो ऑगस्ट १९८२मध्ये. भारतीय दूरदर्शन रंगीत झालं तेही ऑगस्ट १९८२मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या मुहूर्तावर. म्हणजे लातूर जिल्हा आणि रंगीत टीव्ही एकाच महिन्यातले! रंगीत टीव्हीसाठी आग्रह धरणारे तेव्हाचे माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे हेही महाराष्ट्राचेच.

अर्थात जिल्हा लगेच मिळाला, टीव्हीला वेळ लागला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं होतं, पण त्याच्या लहरी मुंबई-पुण्याच्या परिसरापलीकडे फारशा येत नव्हत्या. त्यामुळे सत्तरच्या दशकात मुंबई-पुण्याची घरं दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या 'चिमणराव-गुंड्याभाऊ'वर खुदुखुदु हसत होती, तेव्हा मराठवाड्याला त्याचा पत्ताच नव्हता. साठीच्या पुढच्या पुणेकराला दूरदर्शनच्या आठवणी विचारा, तो चिमणरावापासून सुरुवात करतो. त्याच वयाचा नांदेडकर 'हम लोग'पासून करतो. १९८४ साली देशभर जवळजवळ रोज एक या वेगाने छोटी प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली, आणि ती दाखवायची दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम. घरातला पहिला टीव्ही हिंदी बोलला, पण आमच्याकडे कुणाला अडलं नाही. निजामाच्या राज्यात उर्दू शिकलेले आजोबा घरोघर होतेच. बातम्यांतला एखादा अवघड शब्द तेच उलगडून सांगायचे.

'हम लोग' ७ जुलै १९८४ला सुरू झाली. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली ही मालिका मेक्सिकोतल्या प्रबोधनपर मालिकांच्या धर्तीवर, कुटुंबनियोजनाचा संदेश द्यायला काढली होती. पहिले तेरा भाग काही जमेनात. लोकांना उपदेश नको होता, त्यांना बडकीचं लग्न आणि बसेसरचं पिणं यात रस होता. मग उपदेश पातळ केला गेला, कथा घट्ट झाली, आणि मालिका उडाली. दीड वर्षात चार लाखांहून अधिक पत्रं आली! भागाच्या शेवटी येऊन दोन गोष्टी सांगणाऱ्या अशोककुमारांना तर लोक घरातला वडीलधारा माणूस समजून लिहायचे. 'आमच्या आईवडिलांना तुम्हीच समजवा' अशा विनवण्या त्यात असत. प्रेक्षकाच्या नाराजीने मालिका सुधारली, हे आपल्याकडचं पहिलं ठळक उदाहरण.

झाडू खाली ठेवला आणि मालिका वाढली

'रामायण' २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८. रविवारची सकाळ. टीव्हीला हार, पुढे उदबत्ती, चपला उंबऱ्याबाहेर. हे आता सगळ्यांना तोंडपाठ आहे. खेड्यांत विजेचा भरवसा नसल्याने ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला जोडायची युक्तीही पुष्कळांनी केली. ज्याच्या घरी संच त्याच्या ओसरीवर आख्खी आळी. पुढे लेकरं, मागे बाया, दारात उभे पुरुष.

पण या मालिकेच्या प्रेक्षकांनी एक जबरदस्त पराक्रम केला तो फारसा सांगितला जात नाही. रामराज्याभिषेकावर मालिका संपणार असं ठरल्यावर उत्तर भारतातल्या काही शहरांतल्या वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी १९८८मध्ये संप पुकारला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: महर्षी वाल्मीकींच्या आश्रमातली लव-कुशाची कथा गाळून रामायण पुरं कसं होतं? शहरांतला कचरा उचलला जाईना. शेवटी रामानंद सागर यांनी 'लव कुश' हा पुढचा भाग केला आणि दूरदर्शनने तो दाखवला. प्रेक्षकांच्या मागणीची इतकी ताकद मला दुसऱ्या कोणत्याही मालिकेच्या बाबतीत माहीत नाही. देशातल्या सर्वांत कष्टाचं काम करणाऱ्या माणसांनी ती दाखवली, म्हणून ती जास्त मोलाची वाटते.

तीच मालिका २८ मार्च २०२०पासून, टाळेबंदीत, पुन्हा लागली. १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिला, असं दूरदर्शनने जाहीर केलं. एका पिढीने ती ओसरीवर बसून पाहिली होती. आता त्यांनीच नातवंडांना शेजारी बसवून पुढचा प्रसंग आधीच सांगून टाकला.

कृष्णाला मत, भावोजींना नाही

आवडलेल्या पात्राचं काय करावं? आपल्या लोकांनी काहींना थेट दिल्लीला पाठवलं. 'रामायण'मधल्या सीता दीपिका चिखलिया १९९१मध्ये बडोद्यातून खासदार झाल्या. त्याच निवडणुकीत रावण झालेले अरविंद त्रिवेदी साबरकांठातून निवडून आले. राम-रावणाचं युद्ध संपून सीता आणि रावण एकाच लोकसभेत! 'महाभारत'मधले कृष्ण नितीश भारद्वाज हे मराठी, पेशाने पशुवैद्य. त्यांना १९९६मध्ये लांबच्या जमशेदपूरने निवडून दिलं. 'स्वराज्यरक्षक संभाजी' चालू असतानाच डॉ. अमोल कोल्हे २०१९मध्ये शिरूरचे खासदार झाले.

पण हे गणित नेहमी जुळत नाही. 'होम मिनिस्टर'मधून घरोघर भावोजी झालेले आदेश बांदेकर २००९मध्ये माहीममधून विधानसभेला उभे राहिले आणि हरले. ज्यांच्यासमोर बायकांनी फुगड्या घातल्या, उखाणे घेतले, नवऱ्याच्या खोड्या सांगितल्या, त्यांना मत देताना मात्र हिशेब वेगळा झाला. मला यात प्रेक्षकाचं शहाणपण दिसतं. बाकी भावोजींची पैठणी आमच्याकडे विशेष जिव्हाळ्याची, कारण ते नावच मुळी मराठवाड्यातल्या पैठणचं. २०२२मध्ये 'महामिनिस्टर' या पर्वात ११ लाखांची पैठणी लावली, तेव्हा गल्लीगल्लीत एकच प्रश्न होता: असली साडी नेसायची कुठं आणि ठेवायची कुठं?

पंधरा पैशांचा पूर

नव्वदच्या दशकात रविवारी 'सुरभि' लागायची. सिद्धार्थ काक आणि आपल्या रेणुका शहाणे. शेवटी प्रश्न विचारायचे आणि उत्तरं पोस्टकार्डावर मागवायचे. १९९३मध्ये एका आठवड्यात १४ लाखांहून अधिक पत्रं आली! पोस्टाची झोप उडाली, कारण तेव्हा पोस्टकार्डाला १५ पैसे पडायचे आणि ते पोहोचवायचा खर्च त्याहून कितीतरी जास्त होता. अखेर टपाल खात्याने अशा कार्यक्रमांसाठी खास 'स्पर्धा पोस्टकार्ड' काढलं, किंमत २ रुपये. एका टीव्ही कार्यक्रमाच्या प्रेक्षकांमुळे टपाल खात्याला नवं कार्ड छापावं लागलं.

ज्या गावांना वर्तमानपत्र दुपारच्या एसटीने यायचं, तिथल्या शाळकरी पोरांना त्या कार्डाने पहिल्यांदा वाटायला लावलं की दिल्ली-मुंबईत आपलं नाव कुणीतरी वाचेल. उत्तर बरोबर येण्यापेक्षा ते वाटणं मोठं होतं. नंतर 'चला हवा येऊ द्या'मध्ये सागर कारंडे पोस्टमनच्या वेशात पत्र वाचायला लागले आणि हसता-हसता लोकांचे डोळे भरून आले. तोवर खरी पत्रं लिहिणं जवळपास थांबलं होतं. म्हणूनच ती वाचलेली पत्रं इतकी लागली असावीत.

चाकूरकरांचा प्रश्नोत्तराचा तास

आज संसदेतलं भांडण आपण घरबसल्या बघतो आणि त्यावर चहाच्या टपरीवर निकाल देतो. लोकसभेतला प्रश्नोत्तराचा तास टीव्हीवर थेट दिसायला लागला १९९४ साली. तेव्हा अध्यक्षाच्या खुर्चीत होते शिवराज पाटील चाकूरकर, लातूरचे खासदार. आपण निवडून दिलेला माणूस सभागृहात काय बोलतो, किंवा बोलतच नाही, हे मतदाराला डोळ्यांनी दिसण्याची सोय लातूरच्या माणसाच्या कारकिर्दीत झाली. मालिकेपेक्षा जास्त टीका ज्या कार्यक्रमावर होते, तो हाच!

मराठी बातम्या, मुक्काम हैदराबाद

१९४८च्या सप्टेंबरात मराठवाडा हैदराबादच्या निजामी राजवटीतून सुटला. बावन्न वर्षांनी, जुलै २०००मध्ये, हैदराबाद पुन्हा आमच्या घरात आलं, या वेळी मराठी बोलत. रामोजी राव यांच्या ईनाडू समूहाची ई-टीव्ही मराठी ही वाहिनी हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून चालायची. आमच्या जिल्ह्यातली बातमी हैदराबादला जायची, तिथं मराठी निवेदक ती वाचायचे आणि ती परत आमच्या घरी यायची. नांदेडला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ आहेच. दवाखाना, लग्नाचा बस्ता, मोत्यांचे दागिने, सगळ्याला लोक तिकडे जातात. मग बातम्या तिथून आल्या त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. धर्माबाद, बिलोली, देगलूरकडच्या कितीतरी घरांत तर मराठी मालिका संपली की तेलुगू सिनेमा लागतो आणि दोन्ही तितकेच समजतात.

याच वाहिनीवर 'चार दिवस सासूचे' नोव्हेंबर २००१ला सुरू झाली आणि जानेवारी २०१३ला संपली. रोहिणी हट्टंगडी, कविता लाड आणि तीन हजारांहून अधिक भाग. मालिका सुरू झाली तेव्हा पाळण्यात असलेली पोरगी ती संपली तेव्हा सातवीत होती. नाव चार दिवसांचं आणि मुक्काम अकरा वर्षांचा! २०१५मध्ये वाहिनीचं नाव बदलून कलर्स मराठी झालं, तरी जुन्या बाया अजून 'ईटीव्ही लाव' असंच म्हणतात.

लातूरचं पोरगं

आता मुख्य गोष्ट. २००८-०९ची झी मराठीवरची 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स'. पल्लवी जोशींचं सूत्रसंचालन, समोर वैशाली सामंत आणि अवधूत गुप्ते. मुलं पाच: कार्तिकी गायकवाड, मुग्धा वैशंपायन, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे आणि लातूरचा रोहित राऊत. या पाचांना महाराष्ट्र 'पंचरत्न' म्हणू लागला.

लातूरची ओळख तेव्हा तीन गोष्टींनी व्हायची: किल्लारीचा भूकंप, दहावी-बारावीचा निकाल आणि विलासराव देशमुख. त्यात अचानक एक गाणारं पोरगं आलं, आणि तेही शास्त्रीय बैठकीपेक्षा रॉकच्या जोशाने गाणारं. ज्या घरात 'पोराने डॉक्टर व्हावं' याशिवाय दुसरं स्वप्न नव्हतं, त्या घरातले बाप मोबाइल हातात घेऊन एसएमएस टाईप करायला शिकले. कुणाच्या बोटांना बटणं सापडत नव्हती, मग शेजारचं पोर मदतीला. आपल्या भागातल्या माणसाला आपण पुढे ढकलू शकतो, ही जाणीव तोवर फक्त निवडणुकीत यायची. ती आता सोमवार-मंगळवारी रात्री यायला लागली.

फेब्रुवारी २००९मध्ये कार्तिकी जिंकली. गल्लीत दोन दिवस सुतक पडल्यासारखं वातावरण, आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी मान्य केलं की आळंदीची पोर गायली मात्र झकास. हे मान्य करणं मला फार आवडतं. आपला माणूस हरला तरी चांगल्याला चांगलं म्हणायची दानत आमच्या श्रोत्यात आहे. रोहित थांबला नाही. २०२०मध्ये 'इंडियन आयडॉल'च्या अकराव्या पर्वात तो उपविजेता ठरला. २०२१मध्ये हे पाचही जण पुन्हा 'लिटिल चॅम्प्स'च्या मंचावर आले, पण या वेळी परीक्षक म्हणून. ज्यांनी त्यांना एसएमएस केले होते, ते आता आपल्या लेकरांना सांगत होते, 'ह्याला मी मत दिलं होतं बरं का.' मुग्धा आणि प्रथमेश यांनी २०२३च्या डिसेंबरात लग्न केलं, तेव्हा तर अख्ख्या महाराष्ट्राला घरातलंच कार्य वाटलं.

म्हाळसा की बानू?

'जय मल्हार' मे २०१४ला सुरू झाली, २०१७पर्यंत चालली. महेश कोठारेंची निर्मिती, देवदत्त नागे खंडोबा, सुरभी हांडे म्हाळसा, ईशा केसकर बानू. महाराष्ट्रभर लोकांनी ती पाहिली, पण आमच्याकडे ती पाहण्याची रीत निराळी होती. कारण खंडोबा इथं पडद्यावरचा नाही, घरातला आहे. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातलं माळेगाव हे त्याचं मोठं ठाणं. मार्गशीर्षात तिथं भरणारी जत्रा घोडे, गाढवं, उंट, बैल यांच्या बाजारासाठी आणि तमाशाच्या फडांसाठी दूरवर ठाऊक आहे. तळी भरणं, जागरण घालणं, वाघ्या-मुरळीची गाणी ऐकणं हे ज्या घरांत लग्नापाठोपाठ होतंच, त्या घरांनी ही मालिका भक्तिभावाने पाहिली आणि बारकाईने तपासलीही. 'असं नव्हतं, आमच्या वाघ्याने वेगळं सांगितलंय' हे वाक्य ज्या हक्काने उच्चारलं जायचं, तो हक्क दुसऱ्या कोणत्या मालिकेवर कुणी गाजवला नाही.

आणि मग दोन तट पडले. लोककथेप्रमाणे म्हाळसा नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक, बानू म्हणजे बाणाई धनगराची. लातूर-नांदेडमध्ये हे दोन्ही समाज मोठे, शेजार-शेजारी राहणारे, एकाच बाजारात उठबस करणारे. एकीकडे 'आधी लग्नाची ती खरी' आणि दुसरीकडे 'देवाने जिच्यासाठी मेंढ्या राखल्या ती खरी'. सवतींचं भांडण जागरणाच्या गाण्यांत शेकडो वर्षं रंगत आलंय. तेच आता रोज संध्याकाळी सात वाजता पडद्यावर आलं आणि मध्यंतराच्या जाहिरातीत स्वयंपाकघरात पुढे चालू राहिलं. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं खंडोबाच्या या परंपरेच्या अभ्यासाला दिली. वाण्याची आणि धनगराची, गावची आणि रानाची, अशा दोन बायका करून हा देव दोन्ही जगांना आपलं कसं करतो, हे त्यांच्या लिखाणातून कळतं. ते आज असते तर एखाद्या संध्याकाळी लोह्याच्या कुठल्याही घरात टीव्हीसमोर बसवून त्यांना हे भांडण ऐकवायला हवं होतं.

मार्चमध्ये केबल बंद

लातूरची एक रीत बाहेरच्यांना खरी वाटत नाही. घरात कुणी दहावी-बारावीला असलं की त्या वर्षी टीव्हीची रवानगी माळ्यावर किंवा केबलवाल्याला 'पुढच्या जूनमध्ये या'. 'लातूर पॅटर्न'च्या शहरात क्लासच्या निमित्ताने बाहेरगावची हजारो मुलं खोल्या घेऊन राहतात. त्या खोल्यांत पलंग असतो, टेबल असतं, टीव्ही नसतो. यात सर्वांत मोठा त्याग आजीचा. नातीच्या नीटसाठी तिची मालिका सुटते. मग ती संध्याकाळी शेजारच्या घरी जाऊन कथा ऐकून येते. निकाल लागला की पेढ्यांच्या बरोबरीने केबल परत येतं, आणि मधल्या दहा महिन्यांत कोण मेलं, कोण परत आलं, कुणाची स्मृती गेली, हे अर्ध्या तासात भरून निघतं.

जलदूत

२०१६च्या एप्रिलमध्ये देशातल्या सगळ्या वाहिन्या लातूर रेल्वे स्टेशनवर होत्या. १२ एप्रिलला मिरजेहून 'जलदूत' ही पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी २५ लाख लिटर आणू लागली. त्या दिवसांत लातूरकरांनी रोज रात्री आपलं शहर टीव्हीवर पाहिलं, पण अभिमानाने बघावं असं ते नव्हतं. पुण्या-मुंबईतल्या पाहुण्यांचे फोन यायचे, 'टीव्हीवर बघितलं, खरंच एवढं वाईट आहे का?' ज्यांच्या घरी दहा-दहा दिवस पाणी नव्हतं त्यांनी या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं?

मीटरला ऐकू येत नाही

मालिका चालू ठेवायची की गुंडाळायची, हे ठरतं टीआरपीवर. 'बार्क' ही संस्था देशातल्या निवडक घरांत मीटर बसवते. अशी घरं पन्नास हजारांहून थोडी जास्त, आणि टीव्ही असलेली घरं सुमारे २१ कोटी. म्हणजे मीटरचं एक घर जवळपास चार हजार घरांच्या वतीने बोलतं! वाहिन्या आपल्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळतात, मीटर ती ओळखतं. घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर वेगळं बटण. बसलं की दाबायचं, उठलं की दाबायचं. घरं कोणती हे गुपित. आकडे गुरुवारी येतात, म्हणून कलाकारांना गुरुवारची धास्ती.

खेड्यांचं मोजमाप या आकड्यांत आलं ते ऑक्टोबर २०१५पासून. त्याआधी ग्रामीण प्रेक्षक हिशेबातच नव्हता. तो आल्याबरोबर फुकट दिसणाऱ्या, डीडी फ्री डिशवरच्या वाहिन्या एकदम वर चढल्या. औसा, मुखेड, कंधारच्या खेड्यांत पत्र्यावर जी छोटी छत्री दिसते, तिचा हा प्रताप.

पण मीटरची मर्यादाही मोठी. आजीने बटण दाबलं हे त्याला कळतं. 'उघडू नको गं माय' हे कळत नाही. इंग्लंडमध्ये याचाच कार्यक्रम केला गेला. बीबीसीवर १९६१पासून 'पॉइंट्स ऑफ व्ह्यू'मध्ये प्रेक्षकांची पत्रं वाचली जाऊ लागली. २०१३पासून चॅनल ४ने 'गॉगलबॉक्स' सुरू केला: सोफ्यावर बसून टीव्ही बघणारी खरी कुटुंबं, आणि त्यांना टीव्हीवर बघणारा देश. तो इतका चालला की कितीतरी देशांनी आपापली आवृत्ती काढली. मराठीत तो झाला तर लातूर-नांदेडची दोनच घरं पुरे, असं मी मनापासून म्हणतो.

'आई कुठे काय करते'मधल्या अरुंधतीचंच बघा. २०१९च्या डिसेंबरात सुरू झालेली ही मालिका मूळच्या 'श्रीमोयी' या बंगाली मालिकेवरून आली. हिंदीतली 'अनुपमा'ही तिथूनच. पण इथल्या बायांनी अरुंधतीला कोलकात्याची मानलं नाही, ठाण्या-मुंबईचीही नाही. नवऱ्याने टाकल्यावर तिने काय करावं याचे सल्ले त्यांनी पाच वर्षं दिले, आणि ते देताना कितीदा तरी स्वतःबद्दल बोलल्या. एरवी जे सासरी बोलता येत नाही, ते अरुंधतीच्या निमित्ताने सासूसमोर बोलता आलं. टीव्हीवरच्या गप्पांचं हे काम माझ्या लेखी सर्वांत मोठं आहे.

धक्का भाऊचा, भाऊ बाभळगावचा

२८ जुलै २०२४ला 'बिग बॉस मराठी'चं पाचवं पर्व सुरू झालं आणि सूत्रसंचालनाला रितेश देशमुख. लातूरजवळच्या बाभळगावचे, विलासरावांचे चिरंजीव. २०१६मध्ये 'विकता का उत्तर' या कार्यक्रमातून ते मराठी टीव्हीवर येऊन गेले होते, पण या वेळी दर शनिवार-रविवारी 'भाऊचा धक्का'वर ते स्पर्धकांची हजेरी घेऊ लागले. लातुरात कुणी विलासरावांची ढब शोधत होतं, कुणी 'अजून जरा कडक बोलायला पाहिजे होतं' म्हणत होतं. ६ ऑक्टोबरला बारामतीकडच्या मोढवे गावचा सूरज चव्हाण जिंकला. गरिबीतून आलेला, फारसा न शिकलेला. गावाकडच्या मतांनी तो जिंकला याचा आनंद इथं घरचं कुणी जिंकावं तसा झाला.

एक मात्र खटकतं, आणि ते बोलून टाकलं पाहिजे. 'रात्रीस खेळ चाले'मुळे मालवणी घरोघर पोहोचली. 'माझ्या नवऱ्याची बायको'च्या राधिकाने नागपुरी बोली आणली. राणादाने कोल्हापूर, 'लागिरं झालं जी'ने सातारा. मकरंद अनासपुरे यांनी मराठवाड्याची ढब सिनेमात नावारूपाला आणली, पण रोजच्या मालिकेत ती अजून पाहुण्यासारखी, एखाद्या विनोदी गड्याच्या तोंडीच येते. आमच्याकडे कथांचा काय तोटा? नांदेडला गोदावरीचे घाट आहेत, हुजूर साहिबचं लंगर आहे, मराठी-पंजाबी-तेलुगू-दखनी एकाच चौकात बोलणारी माणसं आहेत. लातूरला डाळींची आडत आहे, सोयाबीनच्या भावावर ठरणारी लग्नं आहेत, आणि आईवडिलांपासून लांब, दहा बाय दहाच्या खोलीत डॉक्टर व्हायला निघालेली सतरा वर्षांची हजारो मुलं आहेत. यातलं काहीही घ्या, पण 'काय करूलालास?' म्हणणारी आई त्यात मधोमध उभी असू द्या, कोपऱ्यात नको. बोली कुठं चुकली तर त्याच रात्री सांगायला माणसं इथं बसलेलीच आहेत.